देव-दोनच्या नोंदी

“मॅडम, हे ‘झाला एकदाचा’ म्हणजे काय? एक बार का काम, असं काही?”

शार्दूलने पडद्यावरची नजर न काढता विचारलं आणि कांचनच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी जाऊन तसाच राहिला. शार्दूल ग्वाल्हेरचा, आडनावाने आणि आईबापांकडून मराठी, पण त्याची मराठी जेवणखाण आणि रुसवेफुगवे एवढ्यापुरतीच उरलेली. त्यातून समोरची अक्षरं इंग्रजी, त्यांत अनुस्वाराचा पत्ता नाही. ‘झालं’चं ‘झाला’ होणारच. कांचनने कप खाली ठेवला. “झालं एकदाचं,” ती म्हणाली. “एकदा म्हणजे एक बार नाही रे. बरेच दिवस डोक्याला ताप झालेलं काम उरकलं, सुटले बाई, अशा अर्थाने.” “अच्छा, फायनली.” “फायनली नाही. फायनली म्हणताना माणसाला दम लागलेला नसतो,” ती म्हणाली, आणि आपण भर ऑफिसात भाषेचा तास घेतोय हे लक्षात येऊन तिने कप पुन्हा उचलला. शार्दूल हसला. पडद्यावर त्या दोन शब्दांच्या डावीकडे तारीख होती, वेळ होती आणि ज्याच्या खात्यावरून ती नोंद झाली त्याचं नाव होतं : देव-दोन. कांचनला तारीख वाचायची गरज नव्हती.

काम तसं साधं होतं. कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, असलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी एक ओळ जरी बदलली तरी तिची नोंद ठेवणारी एक यंत्रणा असते. कुणी बदललं, केव्हा बदललं, नेमकं काय बदललं, आणि बदलणाऱ्याची इच्छा असेल तर का बदललं, तेही दोन शब्दांत. अठरा वर्षं या नोंदी सबव्हर्जन नावाच्या यंत्रणेत साठत आल्या होत्या. मधल्या काळात सगळं जग गिट नावाच्या नव्या यंत्रणेवर गेलं, आणि घरातल्या सगळ्यांची लग्नं लागल्यावर थोरल्याला जाग यावी तशी कंपनीलाही आता जाग आली होती. जुन्या नोंदी एकेक करून गिटमध्ये न्यायच्या. क्रम मोडायचा नाही, तारीख बदलायची नाही. शार्दूलने लिहिलेला छोटासा प्रोग्राम ते दोन तासांत करून टाकणार होता. अडचण एवढीच की जुन्या यंत्रणेला लॉगिनचं नुसतं टोपणनाव पुरायचं आणि नवीला माणसाचं पूर्ण नाव लागतं. म्हणून आधी एक यादी करायची : डावीकडे टोपणनाव, उजवीकडे माणूस. सदतीस टोपणनावं होती. छत्तिसांची माणसं सापडली. त्यातले दोघे तर हयात नव्हते, पण त्यांचीही नावं रीतसर लागली होती.

“ये देव-दोन कौन है, मॅडम? याच्या पुढे कोणाचं नाव टाकू? एकोणीसशे बारा नोंदी आहेत याच्या.” मग थोड्या काळजीने तो म्हणाला, “पाच वाजता जुना सर्व्हर बंद होणार. त्याच्यानंतर नाव बदलणं म्हणजे आफत. एका नोंदीचं नाव बदललं तर पुढच्या सगळ्या नोंदींची ओळख बदलून जाते.”

“देव-दोन म्हणजे डेव्हलपर नंबर दोन,” कांचन म्हणाली. “त्या खुर्चीचं लॉगिन होतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसांना स्वतःचं लॉगिन मिळत नसे.”

“म्हणजे एकाहून जास्त माणसं?”

“दोघं.”

“पण एका लॉगिनला एकच नाव लागतं,” शार्दूल म्हणाला. “नाहीतर मग एकेक नोंद उघडून सांगावं लागेल, ही ह्याची, ही त्याची. उन्नीसशे बारह बार.” आणि हे कुणी करणार नाही याची खात्री असल्यासारखा तो पुढे म्हणाला, “कोणाचं टाकू, सांगा ना. ज्याचं काम जास्त त्याचं टाकून देतो.” कांचन म्हणाली, “ती जागा रिकामी ठेव. मी दुपारी सांगते.” तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिलाच बरं वाटलं. असं बरं वाटण्याची तिला बारा वर्षांची सवय होती.

ती खुर्ची कांचन आता बसते तिथपासून फार लांब नव्हती. सकाळी आठ ते दोन कांचन, दोन ते आठ मयूर. खुर्ची एक, यंत्र एक, लॉगिन एक. मयूर म्हणायचा, “एका मूर्तीत दोन देव आहोत आपण, कांचनताई. नैवेद्य मात्र कोणालाच नाही.” तो इंदूरचा. त्याची मराठी ऐकून पहिले काही दिवस तिला हसू आवरत नसे. तो ‘येतोय’ म्हणत नसे, ‘येऊन राहिलो’ म्हणे, माहीत नसलं की ‘पता नाही’. कांचनचे वडील पुण्याहून इथे, हिंदी मुलखातल्या कारखान्यात बदलून आलेले, तिचं लहानपण पिपलानीच्या क्वार्टरमध्ये गेलं, पण घरात अशी मराठी की वरणाला कुणी चुकून दाल म्हटलं तरी आई पुन्हा म्हणायला लावी. दोन वाजता मयूर यायचा आणि ती उठायची, मध्ये दहा मिनिटं दोघं एकाच पडद्यापाशी, ती उभी, तो बसलेला. काय झालं, काय राहिलं, कुठे हात लावू नकोस. नोंदींमध्ये शब्द लिहायची सक्ती नव्हती, पण ती लिहायची आणि तिचं बघून तोही लिहू लागला. त्याचं ‘तारीखवाला लफडा ठीक करून राहिलो’, तिचं ‘तारखांचा घोळ निस्तरला’. वरून दोघंही देव-दोनच. चार वर्षं हे असं चाललं आणि त्या चार वर्षांत आपण रोज कुणाशी तरी बोलत होतो हे कांचनला नंतर, ते बोलणं बंद झाल्यावर कळलं.

तिचं आडनाव हळबे. शाळेच्या हजेरीत ती हलबे होती, एका वर्षी हलवेसुद्धा, आणि मुलांनी त्या वर्षाचं सोनं केलं होतं. रेशनकार्ड, बँक, पदवीचा कागद, सगळीकडे हलबे. हिंदीत लिहिणाऱ्याच्या हाताला ळ सापडतच नाही. तो बिचारा ल काढतो आणि पुढे जातो. त्यामुळे इस्पितळाने जेव्हा तक्रार केली की एकाच माणसाची दोन-दोनदा नोंदणी होतेय, एकदा काळे म्हणून, एकदा काले म्हणून, आणि जुने अहवाल सापडत नाहीत, तेव्हा रोग काय आहे हे सगळ्या ऑफिसात फक्त तिला पहिल्या झटक्यात कळलं. तरी तीन आठवडे गेले. शेवटी तिने एक ओळ लिहिली : नाव जुळवताना ळ आणि ल एकच समजा, वय आणि मोहल्ला जुळला तर माणूस तोच. त्या दिवशी तिला धाकट्या बहिणीच्या, अदितीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं, गाडी साडेतीनची, बॅग टेबलाखाली. त्या ओळीची तपासणी करायची राहिली होती. दोन वाजून सहा मिनिटांनी तिने नोंद केली, ‘झालं एकदाचं’ असं टंकलं आणि उठली. मयूर शेजारी उभाच होता. “मी फक्त बाहेर, इस्पितळाकडे पाठवून देऊ ना?” त्याने विचारलं. “पाठवून दे,” ती म्हणाली. ही ओळ सुचायला मराठीच माणूस हवा होता, आणि ही चूक करायलाही. जन्मभर ल म्हणजे चुकलेला ळ हेच बघितलेल्या बाईला, या गावात अशीही माणसं असतील ज्यांचा ल हा मुळातच ल आहे, हे सुचलंच नाही.

शांता माळी आणि शांता माली. दोघी बावन्न वर्षांच्या, दोघी एकाच मोहल्ल्यातल्या. सॉफ्टवेअरने दोघींची एक बाई केली. त्यातली माली पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली तेव्हा पडद्यावर माळीचा रक्तगट आला, कुणीतरी घाईत तोच धरला आणि बाटली लावली. थोडं रक्त गेलं असेल नसेल, बाईला हुडहुडी भरली, नर्स शहाणी होती, तिने बाटली काढली. बाई दोन दिवस अतिदक्षता विभागात होती आणि वाचली. इस्पितळाने सॉफ्टवेअर काढून टाकलं. कांचन लग्नाहून परतली ती हातावर अजून मेंदी, आणि ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलत होते.

आत्ता, दुपारी, शिवाजी नगरच्या ऑफिसातून नेहरू नगरला निघालेल्या रिक्षात ती हे सगळं क्रमाने आठवत होती असं नाही. आठवणी क्रमाने येत नाहीत, आणि ही तर तिने इतकी वर्षं अशा ठिकाणी ठेवली होती जिथे तिचा हात सहसा जात नसे. तिने स्वतःशी कधी खोटं म्हटलं नव्हतं; तिने फक्त खरंही म्हटलं नव्हतं. दोन वाजून सहा मिनिटं ही वेळ कुणाचीच नसते. ती उठलेली असते, तो बसायचा असतो. ‘मी होते की तो होता, आता कोण सांगणार,’ एवढं एक वाक्य तिने तयार केलं होतं आणि ते वाक्य चांगलं टिकलं. त्या नोंदीकडे मात्र ती बारा वर्षांत एकदाही फिरकली नव्हती. ज्याला खरोखर आठवत नसतं तो एकदा तरी उघडून बघतो, हे तिला आज, शार्दूलने ते दोन शब्द मोडक्या उच्चाराने वाचले तेव्हा लख्ख कळलं. रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, कोटरा की तरफ से लूँ?” ती म्हणाली, “कहीं से भी लो.”

चौकशी अशी झालीच नव्हती. विश्वास सरांच्या, म्हणजे तेव्हाच्या ऑफिसप्रमुखांच्या खोलीत तिघं उभे. सर ग्वाल्हेरचे, जुन्या मराठी घरातले, मराठी छान बोलायचे. त्यांच्या हातात त्या नोंदीचा छापील कागद होता. त्यांनी तारीख मोठ्याने वाचली, वेळ वाचली, देव-दोन वाचलं, मग त्यांचे ओठ नुसतेच हलले. दोन शब्दांपुरते. आणि त्यांनी चष्म्यावरून कांचनकडे पाहिलं, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. “दोननंतर कोण बसतं?” त्यांनी विचारलं. मयूर म्हणाला, “मीच, सर.” “तू बाहेर पाठवलंस?” “हो. मीच पाठवलं.” मग स्वतःच पुढे म्हणाला, “ती फाइल उघडी होती. पाठवताना मी त्यात काही केलं असेल तर... पता नाही, सर. केलंच असेल.” खोलीत पंखा होता, त्याचा आवाज होता. कांचनला बोलायचं होतं असं ती नंतर स्वतःला कितीतरी दिवस सांगत राहिली, पण ते खरं नव्हतं. तिला भीती वाटत होती, निव्वळ भीती. वडील चार महिन्यांत निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, अदितीच्या लग्नात होतं नव्हतं ते गेलं होतं, आणि तिला कायम करण्याचा कागद याच टेबलावर सहीसाठी पडून होता. ती गप्प राहिली. मयूर त्याच दिवशी गेला. जाताना तो तिला म्हणाला, “तुम्ही टेन्शन नका घेऊ, ताई,” आणि ते तिला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. पुढच्या महिन्यात ती कायम झाली. आईला तिने फक्त एवढंच सांगितलं की एकाची चूक झाली, नोकरी गेली, आईने भाजी निवडता निवडता उसासा टाकला, “चालायचंच. करून गेलं गाव आणि कांदळकराचं नाव.” आईला काहीच माहीत नव्हतं. करणारा वेगळा आणि बोल दुसऱ्याला, अशा अर्थाची ती म्हण तिच्या तोंडी सहज आली होती, इतर शंभर म्हणींसारखी, आणि कांचन उठून गॅलरीत गेली होती.

दोन वर्षांपूर्वी ती आईच्या पेन्शनचा कुठलासा फॉर्म भरायला नेहरू नगरात आली आणि अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताना तिला आत मयूर दिसला. केस कमी झालेले, चष्मा लागलेला. ती पायरीवरूनच वळली आणि घरी जाऊन म्हणाली की दुकान बंद होतं. आज दुकान उघडं असावं की नसावं, यातलं नेमकं काय आपल्याला हवंय ते तिला ठरवता आलं नाही. दुकान उघडं होतं. काचेवर छापील यादी : प्रवेश अर्ज, जातीचा दाखला, आधार दुरुस्ती, झेरॉक्स. जेवणाची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

“अरे!” मयूर उठून उभाच राहिला. “कांचनताई! या, या. बसा ना. मी तर म्हटलं कोण येऊन राहिलं.” त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि तो आनंद पाहून तिला इतकी शरम वाटली की क्षणभर तिने दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच पाहून घेतलं. त्याने पाणी दिलं. आई कशा आहेत विचारलं. स्वतःचं सांगितलं : बायको शाळेत शिकवते, मुलगी आठवीत, दुकान बरं चाललंय. नेहमीच्या अशा गोष्टी झाल्यावर कांचनने सांगितलं की सबव्हर्जन बंद होतंय, नोंदी गिटमध्ये चालल्यात आणि देव-दोनपुढे आता माणसाचं नाव लागणार.

“माझं?” तो म्हणाला. “पूर्ण नाव? मयूर मधुकर टोके, असं?”

“किंवा माझं. एकच लागतं.”

“तारखांचं जे केलं होतं मी, ते अजून चालून राहिलंय?”

“चाळीस इस्पितळांत. कुणी हात लावलेला नाही.”

“चाळीस!” त्याने चष्मा काढून पुसला. “मी तर समजून राहिलो होतो, सगळं फेकून दिलं असेल.” मग त्याचा चेहरा जरा उतरला. “मालीवाली नोंदपण येईल ना त्यात?”

“येईल.”

“येऊ द्या,” मयूर म्हणाला. “माझीच आहे ती. काम माझं आहे तर चूकपण माझीच राहील ना.” आणि तिने काही विचारलं नसताना, कदाचित ती ऑफिसातली म्हणून, कदाचित हे सांगायला त्याला दुसरं कुणी मिळालंच नसेल म्हणून, तो बोलत राहिला. नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला होता. शांता मालीच्या खाटेपाशी उभा राहून त्याने सांगितलं की तुमच्या कागदावर चुकीचा गट माझ्यामुळे आला. बाईचा मुलगा अंगावर धावून आला. बाईने त्याला अडवलं आणि मयूरला बसायला स्टूल दिलं. मग तो जात राहिला. आधी टाके काढायचे होते तेव्हा, मग दिवाळीला. पुढे मुलगा कामाला सुरतेला गेला आणि बाई एकट्या राहिल्या, तेव्हा औषधं, लाइटचं बिल, गॅसचा नंबर, सगळं हाच बघू लागला. “राखी बांधतात मला. बारा वर्षं झाली. म्हणतात, जान लेते-लेते भाई बन गया. पुढच्या महिन्यात राखी आहे, साडी घेऊन ठेवली आहे.” त्याने सांगितलं की त्यानंतर त्याने कोड लिहिलं नाही. इथे गिऱ्हाइकाचं नाव तो तीनदा वाचून दाखवतो, लोक वैतागतात. “पण ठीक आहे. एक चूक झाली, तिने एक घर दिलं. मी आता असंच मानून राहिलो.”

समोरच्या दुकानातून कुणीतरी शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. कांचनच्या मनात आलं, उठावं. हा माणूस सुखात आहे. आपण काही न बोललो तर याचं काही बिघडत नाही, बाईचं बिघडत नाही, चाळीस इस्पितळांचं बिघडत नाही. यादीत याचं नाव टाकावं, याला आनंद होईल, आणि तो आनंद खरा असेल. हिशेब इतका सरळ जुळत होता की तिला त्याचीच किळस आली. बारा वर्षांपूर्वीही तो असाच जुळला होता.

“मयूर, ती ओळ माझी होती.”

तो हसला. “असं नका बोलू, ताई.”

“मीच लिहिली. लग्नाला जायच्या दिवशी. तपासली नाही. तू फक्त पाठवलीस, तेही मी सांगितलं म्हणून.”

“मला पता आहे तुम्ही कशाला बोलून राहिल्या,” मयूर समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुम्हाला तेव्हापण वाईट वाटलं होतं. मी पाहिलं होतं ना, तुम्ही ऑफिसच्या गॅलरीत उभ्या होत्या. पण आता माझ्यासाठी स्वतःवर घ्यायची काही गरज नाही. मी खूश आहे. सच्ची.” आणि त्याने तिच्या हातातला रिकामा पेला घेतला, जसा आजारी माणसाच्या हातातून घेतात.

कांचनला हे अपेक्षित नव्हतं. खरं बोलायचं की नाही एवढंच तिने इतकी वर्षं टाळलं होतं. बोलल्यावर ते चांगुलपणात जमा होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि दार अजून उघडं होतं. मान डोलवायची, डोळे पुसायचे, ‘तू फार चांगला आहेस रे’ म्हणायचं आणि रिक्षा धरायची. सांगून टाकलं एवढं तर स्वतःशी म्हणता आलं असतं. तिने फोन काढला. सकाळी शार्दूलच्या नकळत तिने त्या ओळीचा फोटो घेतला होता. का घेतला हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. तिने तो मोठा करून काउंटरवर ठेवला.

मयूरने चष्मा लावला. तारीख वाचली. वेळ वाचली. मग सवयीप्रमाणे पुढचं मोठ्याने वाचलं, “झालं एकदाचं.” त्याने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याचे नुसते ओठ हलले. त्याच्या तोंडात ते शब्द बसत नव्हते, पाहुण्यांसारखे अवघडून उभे होते, हे कांचनला दिसलं आणि त्यालाही दिसलं असावं.

“हे तर मी बोलतच नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“हे तुम्ही बोलता. टिफिन संपला की, काम झालं की. इंदूरला आमच्याकडे कोणी असं बोलत नाही.” त्याने चष्मा कपाळावर चढवला. “मला हा कागद दाखवलाच नव्हता सरांनी.”

“नव्हता.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं उत्तर तिने रिक्षात दोन-तीन तऱ्हांनी तयार केलं होतं. आज सकाळी कळलं. खात्री नव्हती. दोघंही तिथेच होतो. “तेव्हापासून,” ती म्हणाली.

फोन वाजला. शार्दूल. मयूरने हातानेच खूण केली, घ्या. “मॅडम, तीन वाजून राहिलेत. देव-दोनचं काय?” कांचन म्हणाली, “एकच नाव टाकू नकोस. एकेक नोंद वेगळी करू. मी येते, मी सांगते कुठली कुणाची.” “सगळ्या? मॅडम, उन्नीस सौ बारह!” “सर्व्हर आज बंद होत नाही म्हणून सांग. माझं नाव सांग. आणि ती सकाळची नोंद, एकदाचंवाली, ती आधी माझ्या नावावर कर. कांचन हळबे.” शार्दूलने काहीतरी विचारलं, ते तिने ऐकलं नाही. फोन ठेवताना तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बरंच काम पुढे आहे एवढंच वाटलं.

मयूर संगणकाकडे तोंड करून बसला होता. पडद्यावर कुणाचा तरी अर्धा भरलेला अर्ज होता. त्याने तो जपून साठवला, बंद केला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला, त्यावर सावकाश काहीतरी लिहिलं, तीनदा वाचलं आणि कागद काउंटरवरून तिच्याकडे सरकवला. घर नंबर, गल्ली, शांता मालींचा फोन. खाली : दुपारी झोपतात, चारनंतर.

“साडीपण तुम्हीच घेऊन जा,” तो म्हणाला. “मी नाही जाणार आता. कोणत्या तोंडाने जाऊ? बुलाएँगी तो... पता नाही.” त्याने मान फिरवली.

कांचनने कागद घेतला. तिला त्याचा हात धरावासा वाटला आणि तेवढा हक्क आपल्याला नाही हेही वाटलं. पायरीपाशी ती थांबली.

“त्यांना काय सांगू, मयूर?”

“ते मला काय विचारून राहिल्या, ताई,” तो म्हणाला. “मी तर बारा वर्षं त्यांना खोटंच सांगून राहिलो होतो.”